मोरोक्को: फेसच्या गल्ल्यांतून सहाराकडे, तिथून मराकेश – बारा दिवसांचा प्रवास कसा आखावा

मोरोक्कोहून परत आलेल्यांना "वाळवंट कसं होतं?" असं विचारलं, की बरेच जण आधी गाडीत किती तास गेले ते सांगतात. बहुतेकांनी मराकेशहून निघणारी तीन दिवसांची सहल घेतलेली असते. मराकेश ते मर्झुगा, म्हणजे सहाराच्या वाळूच्या कडेचं गाव, हे अंतर साधारण ५६० किलोमीटर. मध्ये ॲटलास पर्वताचा घाट. एका बाजूचे नऊ-दहा तास कुठे जात नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाईघाईत उंटावर बसायचं, अंधारात तंबूत पोचायचं, जेवून झोपायचं, पहाटे सूर्योदय बघायचा आणि नाश्ता झाला की त्याच रस्त्याने परत. सहाराच्या वाट्याला येतात जेमतेम पंधरा तास, आणि त्यातलेही सहा-सात झोपेत जातात. साठवलेली रजा आणि एवढे पैसे घालून असं व्हायला नको, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सांगायचं मुख्य ते आधीच सांगते. वाळवंटाला किमान दोन रात्री द्या, आणि ज्या वाटेने आत गेलात त्या वाटेने परत येऊ नका. उत्तरेकडून, फेस या जुन्या शहरातून, वाळवंटात उतरा आणि पश्चिमेला मराकेशला निघा. एवढं ठरलं की बाकीचं सगळं त्याभोवती बसत जातं.

आम्ही गेलो नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६६, गुडघे कुरकुरणारे, खाणं पूर्ण शाकाहारी. त्यांना जमलं ते तुमच्या घरातल्या बहुतेकांना जमेल, हे मनात धरून पुढचं वाचा.

आधी मार्ग ठरवा

कासाब्लांका १ रात्र, फेस ३, मर्झुगा २, तिंघिर किंवा दादेसचं खोरं १, आइत बेनहद्दू १, मराकेश ३. अकरा रात्री, बारा दिवस. ज्येष्ठ बरोबर असतील तर फेस आणि मर्झुगाच्या मध्ये मिदेल्तला एक रात्र वाढवा, आम्ही तेच केलं. दिवस कमी पडत असतील तर कासाब्लांका गाळा, मराकेश दोन रात्रींवर आणा. वाळवंटातली रात्र मात्र कापू नका.

शेफशाऊन नावाचं निळ्या रंगाचं डोंगरी गाव फोटोंमुळे सगळ्यांच्या यादीत असतं. गाव सुंदर आहे, पण ते फेसच्या उत्तरेला रिफ डोंगरात, आपल्या वाटेच्या बरोबर उलट दिशेला. पंधरा दिवस असतील तरच तिकडे वळा.

कधी जावं

ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य, किंवा मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवंटाकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लहान मुलं किंवा वयस्कर माणसं घेऊन तिथे जाणं धोक्याचं आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान असतात, पण वाळूतली रात्र शून्याजवळ उतरते आणि ॲटलासमधला तिझी न'तिश्का घाट बर्फामुळे कधीकधी बंद होतो. वसंतात वाळूचे वारे सुटतात, एखादा दिवस त्यात जाईल असं धरूनच चाला.

रमझानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. त्या महिन्यात जाऊ नये असं नाही, पण दिवसा छोट्या गावांत खाणावळी बंद असतात आणि लोक दमलेले असतात. शिवाय घड्याळ बदलतं. मोरोक्को वर्षभर ग्रीनिच वेळेच्या एक तास पुढे असतो, आणि फक्त रमझानपुरता तो तास मागे घेतो. म्हणजे एरवी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, रमझानात साडेपाच. आगगाडीची नाहीतर विमानाची वेळ या एका तासापायी चुकू शकते.

व्हिसा, पैसे, फोन

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि तो ऑनलाइन मिळतो. अर्ज मोरोक्को सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करा. तसंच दिसणारी, वरचे पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळं बरीच आहेत. विमान सहसा आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून बदलावं लागतं. शक्य असेल तर जाताना कासाब्लांका आणि येताना मराकेश असं तिकीट बघा.

मोरोक्कोचा दिरहॅम देशाबाहेर सहसा मिळत नाही आणि परत बाहेर नेऊन उपयोगही नसतो. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. युरो न्या, थोडे विमानतळावर बदला, बाकी शहरात. एक दिरहॅम साधारण नऊ-दहा रुपयांचा धरा. शहरात कार्ड चालतं, पण वाळवंटाच्या वाटेवरच्या एर्रशिदिया शहराच्या खाली, दक्षिणेकडे, रोख हातात असलेली बरी. मर्झुगाला पोचण्याआधी एर्फूद किंवा रिसानीला एटीएममधून पैसे काढून घ्या. सुटे जपून ठेवा, कारण टॅक्सीवाल्याकडे सुटे नाहीत हे ऐकण्याची तयारी हवी.

सिमकार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं. मारोक टेलिकॉम, ऑरेंज, इन्वी या कंपन्या आहेत. प्लग युरोपसारखा, दोन गोल पिनांचा, त्यामुळे आपला दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही. ड्रोन मात्र घरीच ठेवा. परवानगीशिवाय तो देशात आणता येत नाही, विमानतळावरच ठेवून घेतात.

कासाब्लांका: उतरा, झोप काढा, निघा

विमानतळाच्या इमारतीखालीच रेल्वेस्थानक आहे, तिथून थेट शहरात या. बघायचं ठिकाण एकच, समुद्राला लागून बांधलेली हसन दुसरे यांची मशीद. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा मिनार २०० मीटरहून उंच आहे. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीत बिगरमुस्लिमांनाही आत जाता येतं. मोरोक्कोतल्या जवळजवळ सगळ्या मशिदी आपल्याला बाहेरूनच बघाव्या लागतात, म्हणून ही चुकवू नका.

फेसला जाणारी गाडी कासा व्होयाजर स्थानकातून सुटते, चार तासांच्या आत-बाहेर लागतात. पहिल्या वर्गात आसन राखीव मिळतं आणि दरातला फरक फार नाही, सामान असेल तर तोच घ्या. २०१८ मध्ये सुरू झालेली अल बोराक ही वेगवान गाडी टँजियरकडे जाते, फेसकडे नाही.

फेस: तीन रात्री, आणि पहिल्या दिवशी वाटाड्या

फेसचं जुनं शहर, फेस अल-बाली, १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत मोटार जात नाही. माल वाहतात गाढवं, खेचरं आणि हातगाड्या. तुमचं मुक्कामाचं घर, म्हणजे रियाद, मधे अंगण असलेला जुना वाडाच असतो आणि तो नकाशावर सापडत नाही. आदल्या दिवशी निरोप पाठवून त्यांच्या माणसाला जवळच्या दरवाजापाशी बोलवा. टॅक्सी तिथपर्यंतच येते, पुढे हातगाडीवर सामान आणि मागे आपण. हातगाडीवाल्याचे पैसे आधी ठरवा.

गल्ल्यांत मागून "बालाक! बालाक!" अशी हाक आली की मागे वळून न बघता आधी भिंतीला चिकटा. ही 'बाजूला व्हा'ची हाक आहे. मागे कातड्यांचे गठ्ठे नाहीतर गॅसची सिलिंडरं लादलेलं गाढव असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं कोणीतरी लहान मुलाला हाका मारतंय.

वाट सापडण्याची एक युक्ती. बाब बू जलूद हा बाहेरून निळा, आतून हिरवा दरवाजा शहराच्या वरच्या अंगाला आहे. तिथून तला कबीरा आणि तला स्गीरा असे दोन मोठे रस्ते खाली उतरतात आणि करावियीन मशिदीच्या भागात पोचतात. हरवलात तर चढाची बाजू धरा, बाब बू जलूदकडे येता. रस्त्यातला एखादा पोरगा "हा रस्ता बंद आहे, चला मी नेतो" म्हणाला तर रस्ता बंद नसतो. "ला, शुक्रन", म्हणजे नको, धन्यवाद, एवढं म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून वाद घातला की तो मागे लागतो.

पहिल्या दिवशी सकाळी अर्ध्या दिवसासाठी परवानाधारक वाटाड्या घ्या. रियादवाल्यांना सांगितलं की ते बोलावतात. "आम्हाला दुकानांत जायचं नाही" हे निघण्याआधी स्पष्ट बोला, नाहीतर निम्मा वेळ गालिच्यांच्या ढिगांपुढे चहा पिण्यात जातो. बू इनानिया मदरसा आत जाऊन बघता येतो: खाली रंगीत फरशांची नक्षी, तिच्यावर चुन्यातलं कोरीवकाम, सगळ्यात वर काळवंडलेलं देवदाराचं लाकूड. करावियीनच्या दारातून आतलं अंगण दिसतं. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी तिचा पाया घातला असं परंपरा सांगते, आणि जगातल्या सगळ्यात जुन्या चालू विद्यापीठांत तिची गणना होते.

करावियीनच्या मागे सफ्फारीन नावाचा छोटा चौक आहे, तिथे कारागीर तांब्याची भांडी ठोकत बसलेले असतात. पुण्याच्या तांबट आळीत जो आवाज लहानपणी ऐकला होता तोच तिथे ऐकला. एक म्हातारे गृहस्थ मोठं घंगाळ पायांनी गरागरा फिरवत कडेवर ठोके टाकत होते, दर ठोक्याला एक चपटा चमकता ठसा, पुढचा ठसा आधीच्याला बरोबर चिकटून. आम्ही अर्धा तास पायरीवर बसून राहिलो. फेसमध्ये तीन रात्री सांगितल्या त्या अशा बसण्यासाठी.

चामडी कमावण्याचे शुआराचे हौद वरून, आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीतून बघायचे. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते, त्याने केस सुटतात आणि कातडं मऊ पडतं. पुढच्या हौदांत रंग. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरा. खरेदीची सक्ती नाही, पण गच्ची दाखवणाऱ्याला दहा-वीस दिरहॅम द्या.

फेस ते मर्झुगा: ४६० किलोमीटर

सुप्रातूर कंपनीची रात्रीची बस फेसहून मर्झुगाला जाते. स्वस्त आहे, एक मुक्काम वाचतो, आणि एकट्याने फिरणाऱ्या तरुणांना मी तीच सांगेन. पण झीझ नदीचं खोरं तुम्ही अंधारात ओलांडता, ते मला पटत नाही. तिघं-चौघं असाल तर चालकासह गाडी ठरवा, फेसला बसायचं, मराकेशला उतरायचं. ठरवताना लेखी घ्या: डिझेल धरून आहे का, चालकाच्या मुक्कामाचं आणि जेवणाचं कोण बघणार, गाडी वाळवंटातल्या दिवशीही आपल्याकडे राहणार का, आणि मधल्या थांब्यांवर निर्णय कोणाचा. आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाने हे शेवटचं विचारलं नव्हतं, त्यांच्या वाट्याला अर्गन तेलाची तीन दुकानं आली.

स्वतः चालवणार असाल तर वाहतूक उजवीकडून आहे, आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा, आणि गावाच्या वेशीवर वेग खरंच कमी करा. वेग मोजणारे पोलीस जागोजागी असतात. नाक्यावर थांबण्याची पाटी दिसली की पूर्ण थांबायचं आणि हाताने इशारा झाल्यावरच निघायचं.

वाटेत इफ्रान, मग अझरूजवळचं देवदाराचं रान. तिथली माकडं गाडीशी येतात, त्यांना खाऊ घालू नका, बिस्किटांनी ती आजारी पडतात. मिदेल्त सफरचंदांचं गाव आहे, रस्त्याकडेला पेट्या लागलेल्या असतात. एर्रशिदियानंतर रस्ता एका कड्याशी येतो आणि खाली एकदम खजुरांची हिरवी नदी दिसते: दोन्ही बाजूंना तांबडा उघडा डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत लाखभर झाडं. हेच झीझचं खोरं. दुपारी चारच्या सुमाराला तिथे पोचाल असं निघा.

रिसानीला थांबा, विशेषतः रविवारी, मंगळवारी किंवा गुरुवारी, कारण तेव्हा बाजार भरतो. लोक गाढवावरून येतात आणि गाढवांसाठी वेगळा तळ आहे, शेकडो एका जागी उभी. गावाशेजारी मातीचे खचलेले ढिगारे दिसतात. ते सिजिलमासा, सहारा ओलांडणाऱ्या तांड्यांचं जुनं नगर. इथून मीठ दक्षिणेला जायचं आणि सोनं उत्तरेला यायचं. टँजियरमध्ये १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी होता. दौलताबादेला आला तेव्हा त्याने मराठ्यांबद्दल, त्यांच्या भात-भाजीच्या जेवणाबद्दल लिहून ठेवलं. तोच माणूस पुढे याच सिजिलमासाला आला, उंट विकत घेऊन त्यांना चार महिने चारा घातला आणि १३५२ च्या फेब्रुवारीत तांड्याबरोबर मालीकडे निघाला. आमच्या सासूबाईंचं माहेर दौलताबादच्या पायथ्याशी. त्या ढिगाऱ्यांपाशी बराच वेळ उभ्या होत्या.

वाळवंट: दोन रात्री कशा घालवायच्या

वाळवंट म्हणून चार ठिकाणं विकली जातात, ती वेगळी ओळखा. अगाफाय मराकेशच्या जवळ आहे, पण तिथे वाळू नाही, खडकाळ माळ आहे. झागोराजवळचे वाळूचे ढीग लहान. म'हमीदच्या पलीकडचं एर्ग शिगागा (एर्ग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा पट्टा) खरं, भव्य आणि निर्मनुष्य, पण तिथे पोचायला जीपने काही तास खडबडीत वाट तुडवावी लागते. मर्झुगाचं एर्ग शब्बी मात्र डांबरी रस्त्याच्या शेवटाशीच उभं आहे. सगळ्यात उंच टेकड्या दीडशे मीटरच्या आसपास. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आणि वयस्कर बरोबर असलेल्यांनी हेच निवडावं.

पहिली रात्र गावातल्या साध्या हॉटेलात काढा, वाळूच्या कडेचं बघा. संध्याकाळी फक्त चालत जा. टेकडी चढताना समोरच्या उतारावरून सरळ जाऊ नका, दोन पावलं वर आणि एक खाली असं होतं. धारेवरून चाला, तिथे वारा वाळू दाबून बसवतो. जोडे काढा. वरचा थर दिवसभराच्या उन्हाने कोमट असतो आणि बोटं आत रुतली की चार इंचांवर गार वाळू लागते. अगदी सकाळी, माणसांची पावलं उमटायच्या आधी गेलात तर वाळूवर बारीक टाक्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात, शिलाई मारल्यासारख्या. माग काढत गेलात तर टोकाला काळा भुंगा सापडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खमलियाला जा, सात-आठ किलोमीटरवर. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, ग्नावा, तिथे राहतात. तीन तारांचं गिंब्री आणि लोखंडी करकब वाजवून गातात. करकब म्हणजे मोठ्या, जड चिपळ्याच. तेच चार ठेके फिरून फिरून येतात आणि हळूहळू चढत जातात. पेटीत पैसे टाका, चहा घ्या. दुपारी झोप. मग साडेतीन-चारला तंबूकडे.

तंबू ठरवताना भाडं सोडून आणखी चार गोष्टी विचारा. तंबू टेकड्यांच्या आत आहे की गावातले दिवे दिसतील असा कडेला? संडास तंबूला जोडून की बाहेर? जनरेटर किती वाजता बंद करतात? आणि उंटावर बसता येत नसेल त्याला जीप मिळेल का? सासूबाई जीपने गेल्या, आम्ही उंटावरून, पाऊण तासाने तिथे भेटलो.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे तुम्ही एकदम पुढे फेकले जाता, तेव्हा आधीच मागे रेलून दांडी घट्ट धरा. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेला. मांड्यांच्या आतल्या बाजूला घासतं, लांब सुती पायजमा घाला. नाकात जखम असलेला किंवा बरगड्या दिसणारा उंट असेल तर दुसरा मागा, आणि कारण सांगा.

बरोबर काय हवं: तीन-चार मीटरची सुती ओढणी किंवा फेटा, नाक-तोंड झाकता येईल अशी, लोकरीचे मोजे आणि टोपी, जाड जॅकेट, नोव्हेंबरातसुद्धा, विजेरी, ओठांना लावायला तूप किंवा मलम, ओआरएसची पाकिटं, माणशी तीन लिटर पाणी. फोन झिपवाल्या पिशवीत ठेवा. वाळू इतकी बारीक आहे की चार्जरच्या भोकात बसली की निघत नाही. कॅमेऱ्याची भिंग बाहेर बदलू नका.

रात्री जेवण आणि ढोलकी झाल्यावर सगळे झोपतात, जनरेटर बंद होतो. तेव्हा बाहेर या. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर वाळू दुधाळ दिसते, पण आकाशगंगा दिसत नाही. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे तारखा घ्या. आम्ही घोंगड्या घेऊन धारेवर आडवे झालो होतो. स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येतं इतकी शांतता.

अमावास्या असो वा पौर्णिमा, एकट्याने तंबूपासून लांब जाऊ नका, शंभर पावलांवर दिशा हरवते. पूर्वेला अल्जीरियाची बंद सीमा जवळ आहे, वाहन घेऊन तिकडे भटकायचं नाही. आणि आकाश भरून आलं तर कोरड्या नदीच्या पात्रात थांबू नका. २०२४ च्या सप्टेंबरात या दक्षिण भागात इतका पाऊस झाला, की कित्येक वर्षं कोरडं असलेलं इरिकी तळं भरलं.

मराकेशकडे: पाण्याची जमिनीखालची वाट

एर्फूदहून तिनजदादकडे जाताना रस्त्याच्या कडेला मातीचे उंचवटे रांगेने दिसतात, मुंगळ्यांच्या वारुळांसारखे, मैलभर. बरेच जण न थांबता जातात. थांबा. ही खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी पहिली विहीर खणायची, तिथून अगदी हलक्या उताराचं भुयार गावापर्यंत काढायचं, आणि खणायला-उपसायला थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या. पाणी कुठलाही पोहरा-मोट न लावता, उन्हात न सुकता वाहत येतं. काही ठिकाणी पायऱ्या उतरून भुयारात जाता येतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या खडकीत, जी नहर काढली तिचं तत्त्व हेच. इथल्या बहुतेक खेत्तारा आता कोरड्या आहेत. १९७१ मध्ये झीझवर हसन अद्दाखिल धरण झालं, मग पंप आले, पाणी खाली गेलं.

तोद्राच्या खिंडीचे कडे तीनशे मीटरपर्यंत उंच आणि मधली वाट अगदी अरुंद. सकाळी नऊच्या आत जा, नंतर बसगाड्या येतात. पुढे लागणाऱ्या वारझाझात शहरातला वेळ वाचवा. तो आइत बेनहद्दूला द्या, मातीच्या घरांचं ते तटबंद गाव १९८७ पासून वारसा यादीत आहे. मुक्काम नदीच्या अलीकडे करा आणि उजाडताना वर चढा. माती आणि भुश्शाच्या त्या भिंतींना दरवर्षी लिंपावं लागतं, एखादा माणूस ते करताना भेटतोच.

मग तिझी न'तिश्का, २,२६० मीटर. रस्ता चांगला आहे, वळणं संपत नाहीत. निघण्याआधी हलकं खा, आवळासुपारी आणि आलेपाक हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने या डोंगरातल्या गावांचं फार नुकसान केलं, पडलेली घरं दिसतील. तिथे गाडी थांबवून फोटो काढू नका, चहा प्या, काही विकत घ्या.

मराकेश

वाळवंटातून आल्यावर हे शहर अंगावर येतं, म्हणून पहिली संध्याकाळ रियादमध्येच काढा. शहरातल्या छोट्या टॅक्सीत तीनच जण बसतात, बसतानाच "कोंतूर" म्हणजे मीटर म्हणा, नाही म्हटलं तर दुसरी घ्या. रात्री दर दीडपट असतो.

जमा अल-फ्ना चौक सूर्यास्ताच्या आधी वरच्या एखाद्या चहाच्या गच्चीतून बघा आणि मग खाली उतरा. साप आणि माकडं घेऊन बसलेल्यांपासून दूर राहा, फोटो काढलात तर पैसे मागतात आणि त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. मेंदीवाल्या हात धरून काढायला सुरुवात करतात. काळी मेंदी कधीही लावून घेऊ नका, तिच्यातल्या रसायनाने कातडी भाजते. खरेदीआधी सरकारी हस्तकला केंद्रात फिरून या, तिथे भाव ठरलेले असतात, त्यावरून बाजारात घासाघीस किती करायची ते कळतं. भाव करा, पण आपण सांगितलेल्या किमतीला तो तयार झाला तर घ्यायचंच, निघून जाणं तिथे अपमानाचं धरतात.

शाकाहारी माणसाचं पोट

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारावं लागतं. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात शिजवलेला रस्सा, सगळीकडे असतं, मात्र रस्सा कधीकधी मांसाच्या पाण्यात केलेला असतो. "ब्ला ल्हम" म्हणजे मांस नको, "ब्ला मर्का" म्हणजे मांसाचा रस्सा नको. हरीरा सुपात बऱ्याचदा मांस असतं. निर्धास्त खाण्यासारखं: झालूक, म्हणजे वांगी-टोमॅटोचं भरीतच; बिसारा, वाळलेल्या बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांचं घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं; मसेमन, चौकोनी घडीची पोळी, मधाबरोबर. शुक्रवारी दुपारी सात भाज्यांचा कुसकुस करतात. तिखट लागतच नाही, तेव्हा घरची चटणी न्या. आमच्या तंबूतल्या स्वयंपाक्याने सासूबाईंची लसणाची चटणी चाखली आणि उरलेली डबी मागून घेतली.

भाषा अरबीची दारिजा बोली, दक्षिणेत अमाझिग, आणि जोडीला फ्रेंच. खुर्चीला तिथे कुर्सी म्हणतात आणि साबणाला साबून, तेव्हा अगदीच परकं वाटत नाही. "बश्हाल?" म्हणजे केवढ्याला, "बझ्झाफ" म्हणजे फार झालं, "साफी" म्हणजे बस. भारतातून आलात म्हटलं की शाहरुख खान आणि अमिताभचं नाव निघतंच.

बायकांसाठी: खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, पंजाबी ड्रेस उत्तम. शेरे कानावर येतात, उत्तर न देता चालत राहा. पोलिसांचा क्रमांक शहरात १९, शहराबाहेर १७७, रुग्णवाहिका १५.

परत कासाब्लांकाहून उडणार असाल तर मराकेशहून आगगाडीने तीन तासांच्या आसपास लागतात. वाटेत बेनगरीर लागतं, फॉस्फेटच्या खाणीचं गाव. आपल्याकडे खतांसाठी मोरोक्कोचं फॉस्फेट मोठ्या प्रमाणावर येतं, म्हणून डब्यात खिडकीशी बसा. उरलेले दिरहॅम सुरक्षा तपासणीच्या आधीच बदला, आणि त्यासाठी पहिल्या दिवशीची युरो बदलल्याची पावती जपून ठेवलेली हवी.